हार्वर्डचा समर प्रोग्रॅम केला की हार्वर्डला प्रवेश मिळतो का?

जानेवारी-फेब्रुवारी आला की नववी ते बारावीतल्या मुलांच्या पालकांच्या फोनवर एक ठरावीक जाहिरात फिरू लागते. लाल विटांच्या जुन्या इमारती, हिरवंगार लॉन, गळ्यात ओळखपत्र अडकवलेली हसरी मुलं आणि अमेरिकेतल्या एखाद्या नामवंत विद्यापीठाचं नाव. दोन आठवडे तिथे राहायचं, तिथल्या वर्गात शिकायचं आणि प्रमाणपत्र घेऊन परत यायचं. फी पाच-सहा हजार डॉलर. म्हणजे डॉलर ८५ रुपये धरला तरी सव्वाचार ते पाच लाख रुपये, आणि त्यात विमानाचं तिकीट धरलेलं नाही.

जाहिरातीत थेट कुणी म्हणत नाही की, इथे आलात तर पुढे याच विद्यापीठात प्रवेश मिळेल. पण वाचणाऱ्याच्या मनात तेच येतं. ‘निदान शक्यता तरी वाढेल ना?’ हा प्रश्न पुण्या-मुंबईतल्या घरांत विचारला जातो, तसाच न्यू जर्सी आणि कॅलिफोर्नियातल्या मराठी घरांतही विचारला जातो.

याचं थोडक्यात उत्तर असं: पैसे भरून सहज प्रवेश मिळणाऱ्या प्रोग्रॅममुळे कॉलेज प्रवेशाची शक्यता जवळपास वाढत नाही. निवड अतिशय कडक असलेल्या, बहुतेक वेळा मोफत असणाऱ्या मोजक्या प्रोग्रॅमचं वजन मात्र नक्की पडतं. या दोन्हींतला फरक कळला, तर घरातले काही लाख रुपये वाचू शकतात.

प्री-कॉलेज प्रोग्रॅम म्हणजे नेमकं काय?

अमेरिकेत साधारण मेच्या मध्यापासून ऑगस्टपर्यंत विद्यापीठांना उन्हाळी सुट्टी असते. वसतिगृहं, वर्ग, प्रयोगशाळा रिकाम्या असतात. या काळात शाळकरी मुलांसाठी जे निवासी अभ्यासक्रम चालवले जातात, त्यांना ढोबळमानाने प्री-कॉलेज प्रोग्रॅम म्हणतात. वरून ते सगळे सारखे दिसले, तरी त्यांचे तीन वेगवेगळे प्रकार आहेत.

पहिला प्रकार म्हणजे विद्यापीठानं स्वतः चालवलेले, फी घेणारे प्रोग्रॅम. हार्वर्डचा दोन आठवड्यांचा प्री-कॉलेज प्रोग्रॅम, ब्राऊन आणि कोलंबिया विद्यापीठांचे प्री-कॉलेज अभ्यासक्रम, स्टॅनफर्डचं समर सेशन ही याची उदाहरणं. यातले काही अभ्यासक्रम बिनश्रेयांकाचे असतात, म्हणजे त्यात परीक्षा आणि गुण नसतात. काहींमध्ये खरे कॉलेजचे श्रेयांक, म्हणजे क्रेडिट्स मिळतात. हार्वर्डच्या सेकंडरी स्कूल प्रोग्रॅममध्ये मुलं चार किंवा सात आठवडे राहून क्रेडिटचे विषय शिकतात. सात-आठ आठवड्यांच्या अशा निवासी अभ्यासक्रमांचा खर्च १५ हजार डॉलरच्या आसपास किंवा त्याहून वर जातो.

दुसरा प्रकार म्हणजे कडक निवडीचे प्रोग्रॅम. यात जागा थोड्या आणि अर्ज भरमसाट असतात. अनेक ठिकाणी फी नसते, आणि असली तरी घरच्या उत्पन्नानुसार मदत मिळते.

तिसरा प्रकार सगळ्यात फसवा आहे. खासगी कंपन्या विद्यापीठाची जागा भाड्यानं घेतात आणि तिथे स्वतःचा प्रोग्रॅम चालवतात. मुलं राहतात विद्यापीठाच्या वसतिगृहात, जेवतात तिथल्या मेसमध्ये, पण शिकवणारे आणि प्रमाणपत्र देणारे वेगळेच असतात. लग्नासाठी एखाद्या कॉलेजचं सभागृह भाड्यानं घेतलं म्हणून ते लग्न कॉलेजनं लावलेलं नसतं, तसंच हे आहे.

प्रवेशाची स्पर्धा किती मोठी आहे?

२०२४ साली हार्वर्डकडे पदवीच्या पहिल्या वर्षासाठी सुमारे ५४ हजार अर्ज आले. त्यातून दोन हजारांपेक्षा थोड्या कमी मुलांना प्रवेश देऊ करण्यात आला. म्हणजे दर १०० अर्जांमागे चारसुद्धा नाहीत. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, अर्थात एमआयटीकडे त्याच वर्षी २८ हजारांवर अर्ज आले आणि सुमारे साडेचार टक्के मुलांची निवड झाली. अमेरिकेबाहेरून अर्ज करणाऱ्यांसाठी एमआयटीचं हेच प्रमाण दोन टक्क्यांच्या आसपास असतं, कारण परदेशी विद्यार्थ्यांसाठी जागाच मर्यादित आहेत.

एवढ्या चाळणीतून जायचं असेल तर आपल्या हातात काहीतरी जास्तीचं असावं, असं कोणालाही वाटणारच. समर प्रोग्रॅमचा बाजार उभा राहतो तो या धास्तीवर.

कॉलेजं निवड करताना काय बघतात?

याबद्दल अंदाज बांधायची गरज नाही. अमेरिकेतली बहुतेक कॉलेजं दरवर्षी ‘कॉमन डेटा सेट’ नावाचा एक दस्तऐवज प्रसिद्ध करतात. नेटवर कॉलेजच्या नावापुढे हे शब्द टाकले की तो सापडतो. त्यातल्या ‘सी ७’ या तक्त्यात प्रवेश देताना कोणत्या गोष्टीला किती महत्त्व दिलं जातं, हे कॉलेज स्वतः नोंदवतं. पर्याय चारच: अतिशय महत्त्वाचं, महत्त्वाचं, विचारात घेतलं जातं आणि विचारात घेतलं जात नाही.

या तक्त्यात काय काय आहे? शाळेत घेतलेल्या विषयांची काठिण्यपातळी, गुण, वर्गातला क्रमांक, सॅटसारख्या परीक्षांचे गुण, निबंध, शिक्षकांची शिफारसपत्रं, मुलाखत, अभ्यासाबाहेरचे उपक्रम, कौशल्य, स्वभाव आणि वैयक्तिक गुण, समाजसेवा, नोकरी-कामाचा अनुभव. घरातली कॉलेजला जाणारी पहिली पिढी आहे का, आई-वडील त्याच कॉलेजचे माजी विद्यार्थी आहेत का, हेही आहे.

समर प्रोग्रॅमसाठी मात्र वेगळी ओळ नाही. तो ‘अभ्यासाबाहेरचे उपक्रम’ या एका ओळीत, शाळेच्या कबड्डी संघाच्या, वादविवाद मंडळाच्या आणि तबल्याच्या क्लासच्या शेजारी जाऊन बसतो.

याच तक्त्यात आणखी एक ओळ आहे, ‘अर्जदारानं दाखवलेला रस’. काही कॉलेजं याला महत्त्व देतात. मुलगा कॅम्पस बघायला आला होता का, माहितीसत्राला हजर होता का, याची ते नोंद ठेवतात. त्यामुळे अनेकांचा तर्क असा असतो की, कॅम्पसवर दोन आठवडे राहिलो तर रस आपोआप दिसेल. पण हार्वर्ड, येल, स्टॅनफर्ड, एमआयटी यांसारख्या सर्वाधिक स्पर्धेच्या संस्था हा मुद्दा विचारातच घेत नाहीत. त्यांच्याकडे यायची इच्छा सगळ्यांनाच आहे, हे त्यांनी गृहीत धरलेलं असतं.

अर्जातली जागा किती आहे, तेही बघण्यासारखं आहे. बहुतेक कॉलेजांसाठी चालणाऱ्या ‘कॉमन अ‍ॅप’ या अर्जात जास्तीत जास्त १० उपक्रम लिहिता येतात आणि प्रत्येकाच्या वर्णनाला १५० अक्षरं मिळतात. शब्द नव्हे, अक्षरं. एमआयटीच्या स्वतंत्र अर्जात तर चारच उपक्रम लिहायचे असतात. पाच लाखांचा प्रोग्रॅम अर्जात शेवटी एवढीच जागा घेतो.

समर स्कूल आणि प्रवेश कार्यालय यांचा संबंध काय?

फारसा नाही. हार्वर्डचं समर स्कूल हे ‘निरंतर शिक्षण’ विभागाखाली चालतं. पदवीचे प्रवेश करणारं कार्यालय वेगळं आहे. समर स्कूलला मुलगा निवडला गेला, म्हणजे प्रवेश कार्यालयानं त्याला हेरून ठेवलं असं होत नाही. समर प्रोग्रॅममधल्या सहभागामुळे पदवीच्या प्रवेशाची हमी मिळत नाही, हे विद्यापीठं स्वतःच सांगतात. फक्त जाहिरातीत ते ठळकपणे दिसत नाही.

यात विद्यापीठांना लपवण्यासारखं काही नाही. उन्हाळ्यात रिकाम्या राहणाऱ्या इमारतींतून उत्पन्न मिळतं, मुलांना कॉलेजचा अनुभव मिळतो. घोळ होतो तो नावाच्या वलयामुळे. ‘हार्वर्डमध्ये शिकला’ आणि ‘हार्वर्डच्या समर प्रोग्रॅमला गेला’ यातलं अंतर व्हॉट्सॲपवरच्या अभिनंदनाच्या मेसेजमध्ये पुसलं जातं. प्रवेश अधिकाऱ्यासमोर ते पुसलं जात नाही. असे शेकडो अर्ज वाचणाऱ्याला कोणता प्रोग्रॅम पैसे भरून मिळतो आणि कोणता झगडून मिळवावा लागतो, हे चांगलं ठाऊक असतं.

मग तिथे गेलेल्या मुलांना प्रवेश मिळालेला दिसतो, तो कसा?

इथे आकड्यांचा एक जुना सापळा आहे, आणि महाराष्ट्रात तो सगळ्यांनी पाहिलेला आहे. दहावी-बारावीच्या निकालानंतर चौकाचौकात क्लासचे फ्लेक्स लागतात. टॉपर मुलांचे फोटो, गुण आणि खाली क्लासचं नाव. पण त्या क्लासनं आधीच्या वर्षी ९० टक्क्यांच्या वरची मुलं वेचून, त्यातल्या काहींना फी माफ करून खास बॅचमध्ये घेतलेली असली, तर त्यांच्या गुणांचं श्रेय किती क्लासचं आणि किती मुलांचं? फ्लेक्सवरून ते कळत नाही.

समर प्रोग्रॅमचंही तसंच आहे. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा एका महागड्या प्रोग्रॅमला १,००० मुलं गेली आणि पुढे त्यातल्या ६० जणांना अव्वल कॉलेजांत प्रवेश मिळाला. म्हणजे सहा टक्के. त्याच कॉलेजांचं सर्वसाधारण प्रमाण चार टक्के आहे. आकडा पाहून वाटेल की, प्रोग्रॅममुळे शक्यता दीडपट झाली.

आता त्या १,००० मुलांकडे जरा जवळून बघू. समजा त्यातली ४०० मुलं उत्तम शाळांतली, चांगले गुण असलेली, हाताशी समुपदेशक असलेल्या घरांतली आहेत. अशा मुलांना प्रोग्रॅमला न जाताही नऊ टक्के प्रवेश मिळतो. म्हणजे ३६ जण. उरलेल्या ६०० जणांना सर्वसाधारण चार टक्क्यांनी प्रवेश मिळतो. म्हणजे २४ जण. ३६ आणि २४ मिळून ६०. प्रोग्रॅमनं एकाही मुलाची शक्यता वाढवली नाही, तरीही जाहिरातीत दीडपटीचा आकडा खरा ठरतो.

संख्याशास्त्रात याला निवडीचा पूर्वग्रह म्हणतात. एखाद्या प्रोग्रॅमचे माजी विद्यार्थी कुठे गेले, ही यादी समोर आली की प्रश्न एकच विचारायचा: हीच मुलं त्या उन्हाळ्यात तिथे गेली नसती, तर त्यांचं काय झालं असतं?

ज्यांचं वजन पडतं, ते प्रोग्रॅम कोणते?

१९८४ पासून चालत आलेली ‘रिसर्च सायन्स इन्स्टिट्यूट’ हे सगळ्यात ठळक नाव. एमआयटीमध्ये सहा आठवडे चालणाऱ्या या प्रोग्रॅममध्ये जगभरातून सुमारे १०० मुलं घेतली जातात. शिकणं, राहणं, जेवण सगळं मोफत. प्रत्येक मुलाला मार्गदर्शकाबरोबर खरं संशोधन करावं लागतं, त्यावर प्रबंध लिहावा लागतो आणि सगळ्यांसमोर मांडावा लागतो.

गणितात ‘रॉस मॅथेमॅटिक्स प्रोग्रॅम’ आहे. अर्नोल्ड रॉस या गणितज्ञानं तो १९५७ मध्ये सुरू केला. बॉस्टन विद्यापीठातला ‘प्रॉमिस’ हा १९८९ पासूनचा प्रोग्रॅम त्याच परंपरेतला. या दोन्हींच्या अर्जात अवघड गणितं दिलेली असतात. मुलानं ती घरी बसून, कित्येक दिवस झटून सोडवायची आणि आपला विचार लिहून पाठवायचा. निवड मुख्यतः त्या उत्तरांवरून होते.

१९५९ पासूनच्या ‘समर सायन्स प्रोग्रॅम’मध्ये मुलं दुर्बिणीतून लघुग्रहाची निरीक्षणं घेतात आणि त्याची कक्षा स्वतः गणित करून काढतात. आता तिथे जीवरसायनशास्त्रासारखे विषयही आहेत. मानव्यशास्त्रात ‘टेल्युराइड असोसिएशन समर सेमिनार’ हा मोफत प्रोग्रॅम आहे, जिथे मुलं वाचन, चर्चा आणि लेखन करतात. अमेरिकी नागरिक आणि ग्रीन कार्डधारक मुलांसाठी एमआयटीचा ‘माइट्स’ हा मोफत प्रोग्रॅम आहे.

यांचं वजन का पडतं? कारण तिथे निवड होणं हीच एक कसोटी आहे. हजारो अर्जांतून तज्ज्ञांनी एखाद्याला निवडलं, तर प्रवेश अधिकाऱ्याला त्यातून नवी माहिती मिळते. पैसे भरून मिळालेल्या जागेतून फक्त एवढंच कळतं की, घरच्यांना तो खर्च परवडला. दुसरं म्हणजे, सहा आठवडे मुलाचं काम जवळून पाहिलेला मार्गदर्शक भरीव शिफारसपत्र देऊ शकतो.

अर्थात या प्रोग्रॅमची निवड जवळपास त्या कॉलेजांइतकीच कडक आहे. तिथे पोहोचणारं मूल त्याआधीच बरंच काही करून बसलेलं असतं. त्यामुळे यांच्या बाबतीतही सगळं श्रेय प्रोग्रॅमला देता येत नाही.

एखादा अपवाद आहे का?

आहे. शिकागो विद्यापीठानं आपल्या प्री-कॉलेज समर प्रोग्रॅममध्ये शिकलेल्या मुलांसाठी लवकर अर्ज करण्याची आणि लवकर निर्णय मिळण्याची वेगळी वाट ठेवली आहे. इथे समर प्रोग्रॅमचा प्रवेश प्रक्रियेशी थेट धागा आहे. पण लवकर निर्णय म्हणजे खात्रीचा होकार नव्हे. अशा वाटेनं अर्ज करताना, प्रवेश मिळाला तर तिथेच जाण्याचं बंधन आहे का आणि आर्थिक मदतीचं काय, हे आधी नीट वाचावं लागतं. या एका उदाहरणावरून सगळ्याच विद्यापीठांत असं चालतं, असा अर्थ मात्र काढता येत नाही.

पैशाचा यात हात किती?

राज चेट्टी, डेव्हिड डेमिंग आणि जॉन फ्रीडमन या अर्थशास्त्रज्ञांनी जुलै २०२३ मध्ये एक मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. आयव्ही लीगची आठ विद्यापीठं आणि स्टॅनफर्ड, एमआयटी, ड्यूक, शिकागो अशा १२ संस्थांचा त्यांनी विचार केला. सॅट किंवा एसीटीचे गुण सारखेच असले तरी, सर्वांत श्रीमंत एक टक्का घरांतल्या मुलांची तिथे जाण्याची शक्यता मध्यमवर्गीय मुलांच्या दुपटीहून जास्त असल्याचं त्यांना आढळलं.

त्यांनी याची तीन मुख्य कारणं सांगितली. माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना मिळणारं झुकतं माप, खेळाडूंची भरती आणि अभ्यासाबाहेरच्या गोष्टींना दिलं जाणारं वजन. तिसऱ्या कारणात उपक्रम, शिफारसपत्रं, व्यक्तिमत्त्वाचं मूल्यमापन हे सगळं येतं. म्हणजे पैशाचा फायदा होतो, हे खरंच आहे. पण तो एका उन्हाळ्याच्या पावतीतून होत नाही. वर्षानुवर्षांच्या महागड्या शाळा, वैयक्तिक समुपदेशक, लहानपणापासूनचं प्रशिक्षण असा तो साचत जातो. मध्यमवर्गीय घरानं कर्ज काढून दोन आठवडे विकत घेतले, तरी ही दरी बुजत नाही.

श्रीमंतांच्या मुलांनाच परवडतील असे उपक्रम मोजू नयेत, यासाठीही प्रयत्न झाले आहेत. हार्वर्डच्या शिक्षणशास्त्र विभागातल्या एका प्रकल्पानं जानेवारी २०१६ मध्ये काढलेल्या अहवालात, घरची जबाबदारी सांभाळणं हेही योगदान म्हणून मोजावं अशी शिफारस होती. अनेक कॉलेजांच्या प्रवेशप्रमुखांनी तिला पाठिंबा दिला. कॉमन अ‍ॅपच्या उपक्रमांच्या यादीत ‘कौटुंबिक जबाबदाऱ्या’ आणि ‘पगारी काम’ हे प्रकार आहेतच. सुट्टीत वडिलांच्या दुकानाचा हिशेब सांभाळणारी किंवा आजारी आजीची देखभाल करणारी मुलगी ते अर्जात लिहू शकते. अनेक मराठी घरांत हे लिहायचं असतं, हेच माहीत नसतं.

भारतातून जाताना आणखी कोणत्या अडचणी येतात?

पहिली अडचण कॅलेंडरची. महाराष्ट्रात उन्हाळी सुट्टी एप्रिल अखेरीपासून जूनच्या मध्यापर्यंत असते. अमेरिकेतले प्रोग्रॅम मुख्यतः जूनच्या उत्तरार्धापासून ऑगस्टपर्यंत चालतात. म्हणजे इथे शाळा-कॉलेज सुरू झाल्यावर मूल तिथे असतं. बारावीच्या वर्षात सहा-सात आठवडे बुडणं, तेही बोर्डाच्या ७५ टक्के हजेरीच्या अटीसह, परवडणारं नसतं.

दुसरी अडचण व्हिसाची. क्रेडिट देणाऱ्या पूर्णवेळ अभ्यासक्रमासाठी विद्यार्थी व्हिसा लागतो. त्यासाठी विद्यापीठाची कागदपत्रं, ३५० डॉलरचं सेव्हिस शुल्क, १८५ डॉलरचं अर्ज शुल्क आणि मुलाखतीची तारीख असं सगळं जुळवावं लागतं. व्हिसा नाकारला गेला तर भरलेल्या फीचं काय होणार, हे आधीच विचारलेलं बरं.

तिसरा मुद्दा वेळेचा. अमेरिकेतल्या कॉलेजांचे अर्ज बारावीच्या वर्षात साधारण १ नोव्हेंबर ते जानेवारीच्या सुरुवातीपर्यंत जातात. म्हणजे अकरावी संपल्यानंतरची सुट्टी ही अर्जात दिसू शकणारी शेवटची सुट्टी. त्याच सुट्टीत सॅटची तयारी आणि निबंधाचा पहिला खर्डाही करायचा असतो. एमआयटीनं २०२२ मध्ये सॅट-एसीटी पुन्हा सक्तीची केली आणि २०२४ मध्ये हार्वर्डनंही तसा निर्णय घेतला. तेव्हा तो वेळ कुठे घालवायचा, याचा विचार आता जास्त करावा लागतो.

आणि एक धोका फारसा कुणी सांगत नाही. क्रेडिटच्या अभ्यासक्रमात मिळालेले गुण त्या विद्यापीठाच्या नोंदीत कायम राहतात. तिथे गुण कमी पडले, तर तो प्रोग्रॅम अर्जाला मदत करण्याऐवजी अडचण ठरू शकतो.

मग जाऊच नये का?

तसंही नाही. प्रवेशाची शक्यता वाढवणं, हे जाण्याचं कारण म्हणून लंगडं आहे. पण जाण्याची इतर कारणं पक्की असू शकतात. घरापासून दूर, अनोळखी मुलांबरोबर राहणं आपल्याला जमतं का, हे मुलाला कळतं. आर्किटेक्चर किंवा न्यूरोसायन्स खरंच आवडतं की फक्त ऐकायला छान वाटतं, हेही कळतं. शाळेत न मिळणारा विषय शिकायला मिळतो. त्यातून मूल परत येऊन पुढे काही करत राहिलं, वाचत राहिलं, एखादा प्रकल्प हाती घेतला, तर त्या पुढच्या कामाचं वजन अर्जात पडतं.

खर्च सहज झेपत असेल, किंवा शिष्यवृत्ती मिळत असेल, तर हा एक चांगला अनुभव आहे. ‘येल यंग ग्लोबल स्कॉलर्स’सारख्या प्रोग्रॅममध्ये गरजेनुसार आर्थिक मदतही मिळते. पण मुदतठेव मोडून किंवा कर्ज काढून जायचं असेल, तर ते पैसे प्रत्यक्ष शिक्षणासाठी राखून ठेवणं शहाणपणाचं. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, ॲमहर्स्ट यांसारख्या काही संस्था परदेशी विद्यार्थ्यांनाही घरची आर्थिक स्थिती न बघता प्रवेश देतात आणि गरजेइतकी मदत करतात. बाकीच्या बहुतेक ठिकाणी मात्र परदेशी विद्यार्थ्याची पैसे भरण्याची ऐपत प्रवेशाच्या वेळीच बघितली जाते. तिथे घरात उरलेले पाच लाख जास्त उपयोगी पडतात.

पैसे भरण्याआधी कोणते प्रश्न विचारायचे?

• प्रोग्रॅम विद्यापीठ स्वतः चालवतं की फक्त जागा त्यांची आहे? संकेतस्थळाचा पत्ता ‘डॉट ईडीयू’नं संपतो का, आणि विद्यापीठाच्या मुख्य पानावरून तिथे जाता येतं का?

• अर्ज किती येतात आणि निवड किती जणांची होते? हा आकडा सांगायला टाळाटाळ होत असेल, तर तेच उत्तर समजा.

• ‘तुमच्या मुलाची निवड झाली आहे’ असं पत्र अर्ज न करताच आलं आहे का? मग ती निवड नव्हे, जाहिरात आहे.

• अर्जासोबत काही काम मागितलं आहे का? निबंध, गणितं, शिफारसपत्र काहीच नको, फक्त फी हवी, तर प्रवेश अधिकारीही त्याची किंमत तशीच करणार.

• शिकवणार कोण? विद्यापीठातले प्राध्यापक की उन्हाळ्यापुरते नेमलेले विद्यार्थी?

• शेवटी मुलाच्या हातात काय असेल? प्रमाणपत्र, की त्यानं स्वतः केलेलं, दाखवता येईल असं काम?

• व्हिसा मिळाला नाही किंवा मूल आजारी पडलं, तर किती पैसे परत मिळतील?

या प्रश्नांची उत्तरं लेखी मिळाली पाहिजेत. फोनवर गोड बोलणाऱ्या समुपदेशकाला त्या प्रोग्रॅमकडून कमिशन मिळतं का, हेही मोकळेपणानं विचारायला हरकत नाही.

महाराष्ट्रात राहून काय करता येतं?

बरंच काही, आणि तेही फारसा खर्च न करता. पुण्यातल्या आयुकामध्ये शाळकरी मुलांसाठी उन्हाळी उपक्रम अनेक वर्षांपासून चालतो. डॉ. जयंत नारळीकर यांच्या काळात तो रुजला. मुलं तिथल्या शास्त्रज्ञांबरोबर काही दिवस एखाद्या छोट्या प्रकल्पावर काम करतात. याच आवारातली मुक्तांगण विज्ञान शोधिका पु. ल. देशपांडे यांच्या देणगीतून उभी राहिली आहे.

मुंबईत मानखुर्दला टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे. विज्ञान ऑलिंपियाडच्या परीक्षांतून निवडलेल्या मुलांची शिबिरं तिथे होतात. खगोलशास्त्र, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र असे विषय असतात. देशभरातून मोजकी मुलं इथवर पोहोचतात. ऑलिंपियाडचं नाव जगभरच्या प्रवेश कार्यालयांना समजावून सांगावं लागत नाही. मुंबईतल्या विज्ञान शिक्षकांच्या संघटनेकडून सहावी आणि नववीच्या मुलांसाठी घेतली जाणारी होमी भाभा बाल वैज्ञानिक स्पर्धा हीसुद्धा याच वाटेवरची लहान पायरी आहे. तिच्या पुढच्या टप्प्यात मुलांना स्वतःचा प्रकल्प करावा लागतो.

संस्थेचं नाव पाठीशी नसलं तरी काम करता येतं. गावातल्या विहिरींची पाण्याची पातळी दोन उन्हाळे मोजून ठेवणं, आजोबांच्या पिढीतल्या लोकांच्या मुलाखती घेऊन गावाचा इतिहास लिहिणं, वस्तीतल्या लहान मुलांना गणित शिकवणं, मोबाईलवर चालणारं एखादं मराठी ॲप तयार करणं. अमेरिकेत वाढणारी मुलं बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या मराठी शाळांत लहानग्यांना शिकवायला मदत करू शकतात. अशा कामात सातत्य असलं, तर त्यावर लिहायला मुलाकडे स्वतःचं काहीतरी असतं.

शेवटी प्रवेश अधिकाऱ्यासमोर येतात ती १५० अक्षरं आणि त्याखालचा निबंध. त्या जागेत विद्यापीठाचं मोठं नाव लिहिता येतं, किंवा मुलानं काय केलं ते लिहिता येतं. पहिल्या प्रकारचे अर्ज त्या टेबलावर भरपूर असतात.